एकसष्ट हजारांवरून सत्तावीस हजारांवर

मित्रांनो, हे सांगणारच नव्हतो. दोनदा ठरवलं, दोनदा गप्प बसलो. कारण मी एक जुना मीटर आहे, अन् तोही एकदा खोटं बोललेला. अशाचं कोण ऐकणार?

तरी सांगतो.

मी एका लाल स्पोर्ट्स कारचा किलोमीटर मोजणारा मीटर. गाडी किती पळाली, एवढंच मला येतं. दुसरं काही शिकलो नाही. माझ्या शेजारी एक पिवळा दिवा राहतो. इंजिनात काही बिघडलं की तो पेटतो. मी त्याला पिवळ्या म्हणतो. तो माझा एकुलता एक दोस्त.

गाडी बिडकीन गावी आली तेव्हा माझ्यावर तीन आकडी नंबर होता. तिथल्या जमिनी कारखान्यांच्या पट्ट्यात गेल्या होत्या, पैसा आला होता. इंद्रजीतनं तो पैसा बघितला अन् थेट पाऊण कोटीची गाडी आणली. दोन शिटं. इंजिन मागं, डिकीच्या जागी. पोट एवढं खाली की गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर खर्रकन घासलं.

इंद्रजीतच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, गाडीला तीन चकरा मारल्या.

"दोनच शिटं? मंग तुझी आय कुठं बसंल?"

"आबा, ही स्पोर्ट्स कार हाय."

"व्हय, पण आय तर तीच हाय ना?"

सगळे हसले. मी नाही. मला पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा संशय. जो बघायचा तो आधी "किती पळते?" विचारायचा, अन् लगेच "आता विकली तर किती येतील?" शोरूमच्या दारातून बाहेर पडताच किंमत उतरली म्हणे. तीन वर्षांत निम्मी. मी पुढं जायचो, भाव मागं जायचा. मी एक-एक किलोमीटर जोडत होतो अन् त्या प्रत्येक किलोमीटरनं माझीच गाडी स्वस्त होत होती. काम करण्याची अशी शिक्षा तुम्ही कुठं बघितली का?

काकासाहेबांची एक सवय होती. दसऱ्याला गाड्या धुवायच्या, पूजा करायची, अन् शेडच्या भिंतीवर गेरूनं आकडा लिहायचा. ट्रॅक्टर किती तास चालला, ते. म्हणजे ऑइल कधी बदललं ते ध्यानात राहतं. आता त्या ओळीत मीही आलो. चष्मा लावून, काचेला नाक टेकवून वाचायचे अन् भिंतीवर उतरवायचे. मला वाटायचं, म्हातारा माझ्यावर पाळत ठेवतोय. पोरानं गाडी किती उंडारली ते मोजतोय.

एका दसऱ्याला त्यांनी मागचं झाकण उघडलं अन् पाण्याच्या मोटारीचा पाईप थेट इंजिनावर धरला. ट्रॅक्टरला धरतात तसाच. ट्रॅक्टर त्यानं खूष होतो. आमच्या गाडीच्या वायरिंगनं मात्र जीवच सोडला. त्या दिवशी पिवळ्या पेटला. पुढं दुरुस्ती झाली, पण तो अधूनमधून पेटायचाच. खरा होता बिचारा.

अन् मग यंदा इंद्रजीतनं गाडी विकायला काढली. शहरात उस्मानपुऱ्यातल्या शिवराज नावाच्या डीलरकडं नेऊन लावली. शिवराजनं मला बघितलं अन् तोंड वाकडं केलं.

"एकसष्ट हजार? भाई, ये टॅक्सी है क्या? स्पोर्ट कारचा बाजार असा है, लेनेवाला एक, अन् फोटो काढायला पूरा मोहल्ला. इतकी चालवलेली कोण घेणार?"

"मंग?"

"मंग काय. गाडी कम चालली, ऐसा दिखाना पडेगा."

इंद्रजीतनं दारावरून हात फिरवला. मला वाटलं, नाही म्हणंल. तो म्हणाला, "आबांना कळू देऊ नका."

दुपारी लॅपटॉपवाला आला. एक वायर जोडली. दहा मिनिटं. मित्रांनो, माझी चौतीस हजार किलोमीटर गेली. घाटातली, पैठणच्या रस्त्यावरची, पावसातली. एकसष्टचा मी सत्तावीस हजारांचा झालो. मग त्यानं पिवळ्यावर बारीक काळी पट्टी चिकटवली. पिवळ्या आतून म्हणत होता, "अरे, बोल ना काहीतरी!" मी बोललो नाही. मीच तर खोटा झालो होतो.

चार दिवसांनी मंदार आला. वाळूजला त्याचं छोटं वर्कशॉप, दोन मशीन. दहावीपासून अशा गाडीचा फोटो कपाटावर लावलेला. शिवराजनं अठ्ठावीस लाख सांगितले. मंदारकडं अठरा होते. उरलेल्या दहासाठी तो एक मशीन विकणार होता. निम्मा धंदा. माझ्याकडं बघून हसला अन् म्हणाला, "आई, फक्त सत्तावीस हजार! नवीनच आहे गं."

त्याच्या आई सरोजिनीबाई हसल्या नाहीत. त्या रजिस्ट्री ऑफिसातून रिटायर झालेल्या. आयुष्यभर खरेदीखतं बघितलेली बाई. आत वाकल्या अन् ब्रेकच्या पेडलवर बोट फिरवलं.

"याचं रबर पार गुळगुळीत झालंय."

शिवराज म्हणाला, "मॅडम, नई गाडी में भी ऐसाच रहता."

"असेल. गाडी कुठं राहायची?"

"बिडकीनला. पण तिथं जाऊन काय करता, लांब पडतं."

"स्पोर्ट्स कार आहे ना? मग लांब कसं पडेल? सोयरीक करताना आपण घर बघतो, भाऊ. कागद फार चांगला दिसला की मी नेहमी माणूस बघायची."

मला त्यांचाही संशय आला. भाव पाडायची ही नवीन तऱ्हा असंल.

मंदार अन् त्याची आई माझ्या गाडीत, शिवराज त्याच्या गाडीनं मागं. आम्ही बिडकीनला पोचलो तेव्हा शेडमध्ये त्या भिंतीपुढं सोयाबीनच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या. शिवराजचा फोन आधीच पोचला होता. इंद्रजीत घामानं भिजलेला. "या, या, चहा घ्या," म्हणत सगळ्यांना घराकडं वळवत होता.

काकासाहेब आले. मी म्हटलं, झालं, म्हातारा सामील. बाप कधी पोराच्या विरुद्ध जातो का?

त्यांनी चष्मा लावला. उपरण्याच्या टोकानं माझी काच पुसली. काच पुसणाऱ्याचा मला कधीच भरोसा नाही. वाचलं. परत वाचलं. अन् सरळ जाऊन गोण्या ओढायला लागले.

"आबा, कंबर धरंल, राहू द्या!"

"सर बाजूला."

तिसरी गोणी पडली अन् भिंत दिसली. गेरूचे आकडे, वरून खाली, एकाखाली एक.

"इंद्रा, मागल्या दसऱ्याला म्या हितं साठ हजार लिवलंय. गाडीत सत्तावीस दिसतंय. वरीसभर गाडी उलटी पळवली का रं?"

मंदारचा चेहरा पांढरा पडला.

"भाव पडतो, आबा," इंद्रजीत खाली बघून म्हणाला. "पाऊण कोटीची गाडी. लोक हसतेत."

"लोक घेतली तवाच हसले व्हते. आता काय नवीन?" मग काकासाहेब सरोजिनीबाईंकडं वळले. "ताई, आणखी एक. इंजिनात म्या पाणी मारलं व्हतं. चूक माझी. तवापासून एक पिवळा दिवा लागायचा." ते परत आत वाकले. "दिवा कुठं गेला रं?"

नखानं पट्टी खरवडली. पिवळ्या पेटला. असा पेटला की बस्स.

शिवराज बडबडला, "गया सौदा."

सरोजिनीबाई उंबऱ्याजवळच्या बाजेवर बसल्या. "सौदा आता सुरू होतोय. आता घर कळलं. द्या तो चहा."

साडेसोळा लाखांवर जमलं. उरलेले दीड वायरिंगला. मशीन विकावं लागलं नाही. इंद्रजीत गाडी पोचवायला आला तेव्हा त्यानं स्वतःच लॅपटॉपवाला बरोबर आणला. वायर जोडली. माझी चौतीस हजार किलोमीटर परत आली, एकही कमी नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घ्याल तेव्हा ती राहिली ते घर एकदा बघून या. अन् तुमची वस्तू विकाल तेव्हा तिची खोड आधी सांगा. ज्या माणसावर मी आठ वर्षं संशय घेतला, त्यानंच माझा खरा आकडा जपून ठेवला होता. पाळत नव्हती ती. काळजी होती. मला फार उशिरा कळलं.

परवा वायरिंग झालं. आता पिवळ्या शांत आहे, पट्टीशिवाय शांत. काल त्यानं विचारलं, "तेव्हा गप्प का बसलास?"

मी त्याला शब्द दिला. आकडा माझ्या हातात नाही, पिवळ्या. कोणीही वायर जोडून तो बदलंल. पण परत कोणी तुझ्यावर पट्टी लावली, तर मी गप्प बसणार नाही. ऐकायला कोणी असो वा नसो, मी सांगणार. आज सांगितलं तसंच.