जामाच्या बागेचं बंधन

चंपतरावांच्या जामाच्या, म्हणजे पेरूच्या, बागेपुढे सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. कुही तालुक्यातल्या त्या लहानशा गावात असं नवल कोणी पाहिलं नव्हतं. फांद्या पिवळ्या जामांनी वाकल्या होत्या आणि एकाही फळाला चोच लागलेली नव्हती.

एरवी त्या बागेवर राघूंचे थवे आणि वानरांची टोळी तुटून पडायची. चंपतरावांनी डबे बडवले, फटाके फोडले, बुजगावणं उभं केलं. वानरं त्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसून जाम खायची. आणि आता आठ दिवस बाग चिडीचूप!

"बंधन!" कुंपणाशी खाटेवर बसलेले बंधनबाबा गरजले. "पाखरू असो, वानर असो, का माणूस असो. बिना इजाजत ज्यानं फळाले तोंड लावलं, त्याचा खेळ खल्लास! बंधन नातं पाहत नाही, गोतं पाहत नाही!"

प्रत्येक झाडाला लाल पोटली टांगलेली होती आणि बुंध्याशी मातीच्या सुगड्यात 'तीर्थ' भरलेलं होतं. गुग्गुळाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. लोक लांबूनच हात जोडत होते.

सुभद्राबाईंनी मात्र हात जोडले नाहीत. चंपतरावांची ही धाकटी बहीण. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका इस्पितळात त्या तीस वर्षं परिचारिका होत्या, आता निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्या होत्या. त्यांची नजर कुंपणाच्या आत पडलेल्या एका फुटक्या जामावर खिळली होती. पिकून फुटलेलं गोड फळ, पण त्यावर एक मुंगी नाही. राघूंना मंत्र कळला म्हणावं, पण मुंग्यांनाही?

शिवाय बाबाचे दोन चेले रोज पहाटे बागेत 'झाडणी' करायला जात. सोबत कोणालाही येऊ देत नसत. बाहेर येताना त्यांच्या खांद्यावर तोंड बांधलेलं पोतं असे. निर्माल्य, म्हणे! फुलं तर कोणी वाहिलेली नव्हती.

त्यांनी भावाला बाजूला घेतलं. "भाऊ, त्या पोटलीत काय हाये, पाह्यलं का तुमी?"

"उघडली का बंधन तुटते. शहरात राहून तू सगळ्याईवर संशयच घेऊन राहिली. राघू येऊन राहिले का? नाही ना? मंग?"

"येऊन नाही राहिले, याचंच तं मले भेव वाटते. गेले कुठं ते?"

चंपतराव तोडलेल्या टोपल्या मोजायला निघून गेले. पहिली टोपली त्यांनी नातवंडांसाठी राखून ठेवली होती.

दुपारी बागेतून आरडाओरडा झाला. सकाळीच जाम तोडायला आलेली मजूर धनश्री झाडाखाली कोसळली होती. अंग घामानं भिजलेलं, तोंडातून लाळ गळत होती, श्वास घरघरत होता.

बाबा ताडकन उभे राहिले. "पाहा! चोरून जाम खाल्ला हिनं! बंधनानं धरली!"

गर्दी हादरली. धनश्रीचा नवरा हेमराज बाबाच्या पायाशी बसला. "महाराज, सोडवा हिले."

"झाडापुढं नाक घासू दे. इथून हलवली तं रस्त्यात मरन!"

सुभद्राबाई गर्दी सारून आत शिरल्या. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून त्यांनी धनश्रीच्या पापण्या उघडल्या. दाट सावलीत बाहुल्या मोठ्या असायला हव्यात. इथे त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. शेतातल्या फवारणीत विषबाधा झालेली किती माणसं त्यांनी अशीच पाहिली होती.

"हे विष हाये! भाऊ, गाडी काढा!"

"पण सुभद्रे, बाबा म्हणतात…"

"काढा म्हणते ना! हेमराज, तुले बायको पायजे का बाबाची परवानगी?"

हेमराज उठला. दोघी बायांनी धनश्रीचे कपडे बदलले, हात साबणाच्या पाण्यानं धुतले. चंपतरावांनी गाडी काढली. कुहीच्या डॉक्टरांनी डोळे पाहताच विषावरच्या उताऱ्याची सुई टोचली आणि तिला नागपूरला पाठवलं.

इकडे बाबाचं दुकान आणखी तेजीत आलं. बंधनानं चोर धरला, ही बातमी पंचक्रोशीत पसरली.

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या इस्पितळात धनश्री सुभद्राबाईंशी बोलू लागली. पहिलं वाक्य निघालं ते असं, "बाई, मी चोरी नाही केली वं. सकाळी पोटली सुटून दहिवरात पडली होती. देवाची वस्तू म्हणून वल्ल्या हातानं पुन्हा बांधली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाई पोलीस आणि कृषी अधिकाऱ्यांना घेऊन बागेत आल्या. खाटेपुढे गर्दी होतीच.

"बाबा, तीर्थ पवित्र हाये ना?" सुभद्राबाईंनी सुगड्याकडे बोट दाखवलं. "मंग एक घोट घ्या."

बाबा दोन पावलं मागे सरले. "माझा… उपास आहे."

"उपासाले तीर्थ चालते की!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. बाबा चालायलाच लागले, पण हवालदारानं त्यांना थांबवलं.

अधिकाऱ्यांनी हातमोजे घालून पोटली सोडली. आत काळपट दाणे होते, आणि वास असा उग्र की पुढचे लोक नाक दाबून मागे हटले. "हे फोरेट. दाणेदार कीटकनाशक, सरकारनं बंदी घातलेलं. याच्या वासानं वानरं लांब राहतात. तेच सुगड्यात कालवलंय. पाखरं पाणी प्यायली की मरतात." गुग्गुळाचा धूर तो वास झाकण्यासाठी होता. चेल्यांच्या झोपडीतलं पोतं उपडं केलं, तेव्हा राघू आणि साळुंक्यांचा खच पडला. पाखरं पळाली नव्हती. पहाटे वेचून नेली जात होती. पोलिसांनी बाबाला आणि दोन्ही चेल्यांना गाडीत घातलं.

सगळे जाम तोडून अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली पुरावे लागले. नातवंडांसाठी राखलेल्या टोपलीतला एकेक जाम चंपतरावांनी स्वतः खड्ड्यात टाकला. मग ते हेमराजकडे वळले. "तुह्या बायकोले माह्या बागेत चोर म्हटलं, अन् मी आयकत राहिलो. माफ कर गा."

हेमराजच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "मी तं नवरा होतो, मालक. मीबी आयकलंच ना."

पुढच्या बहाराला चंपतरावांनी झाडांवर जाळी टाकली, फळांना कागदी पिशव्या बांधल्या. वानरांनी थोडं नेलंच, राघूंनीही. पण राहिलं ते निर्धास्त खाता आलं. असंच बंधन घालून घ्यायच्या बेतात असलेल्या शेजारच्या गावांत ते स्वतः जाऊन आपली फजिती सांगून आले.

चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे कशानं झालं? जो उत्तर देईल, त्याचं म्हणणं पारखून घ्या. आणि जो प्रश्नालाच पाप म्हणेल, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.