लुगड्याचा आडोसा

मुखेडच्या आठवडी बाजारात मुनीबभाई बांगडीवाल्यांसमोर सरजाबाई हात पुढे करून बसली होती. चार बांगड्या चढल्या. पाचवीला ती कलंडली.

भोवतीच्या बायांनी शेजारच्या दुकानातले लुगडे ओढले आणि तिच्याभोवती आडोसा धरला. पुरुषांनी रीतीप्रमाणे पाठ फिरवली. त्यांत अमरनाथ सरही होते.

सरांनी नांदेडच्या तंत्रनिकेतनात विद्युत शाखेला बत्तीस वर्षे शिकवले होते. विजेच्या धक्क्याने हृदय थांबले, तर छाती कुठे, किती खोल आणि कोणत्या वेगाने दाबायची, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. मात्र तक्त्यावरचे चित्र पुरुषाचे होते आणि सरावाचा पुतळाही पुरुषाचाच.

"बाईचं घरचं कोणी आहे का?" त्यांनी पाठमोरेच विचारले.

"सून भाजी आनाय गेलीय," आतून एक बाई म्हणाली.

"श्वास चालतोय?"

"न्हाई दिसत."

कोणीतरी १०८ला फोन लावला. सर सुनेची वाट पाहत राहिले. विचारायला घरचे माणूस हवे. ते येईपर्यंत हात लावला नाही, तर आपल्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, अशी त्यांची समजूत होती.

आडोशात पुरुष एकच होता, मुनीबभाई. बांगडीवाल्याने बाईचा हात धरला तर कोणाची हरकत नसते. सरजाबाईचे मनगट अजून त्यांच्याच हातात होते.

"सर, नाडी लागंना."

"छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोराने दाबा. मी मोजतो."

सरांनी तिसापर्यंत मोजले. "किती खोल जातंय?"

"खोल कुठलं? बांगडी फुटू न्हाई म्हनून जपायची सवय या हाताला. मनगटाच्या वर मला काय येत न्हाई. तुमीच या."

"बाप्यामानसानं आत यायचं न्हाई," एक म्हातारी फणकारली.

"मग मी कोन हाय, मावशी?"

"तू बांगडीवाला हायस."

सरांनी अडुसष्ट वर्षांचे गुडघे वाकवले आणि लुगड्याखालून ते आत शिरले. पदर बाजूला सारून त्यांनी तळहात टेकवले आणि दाबायला सुरुवात केली. एक बरगडी कडकन वाजली. म्हातारीने डोळ्यांवर हात घेतला; सर थांबले नाहीत. हात भरून आले, तेव्हा त्यांनी मुनीबभाईंना किती खोल दाबायचे ते दाखवून दिले, आणि पुढे दोघे आळीपाळीने दाबत राहिले.

गाडी आली. यंत्राचा दुसरा झटका बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "लागली नाडी. उचला."

तेवढ्यात सून वर्षाराणी गर्दी फोडत आली. तिने सासूची उघडी पडलेली चोळी पाहिली, मग घामाने निथळणारे सर पाहिले. सरांनी मनाशी उत्तर जुळवले: दुसरा इलाज नव्हता, माझ्या बहिणीसारखीच आहे ती.

"चाचा, कवा पडल्या ह्या?" तिने मुनीबभाईंना विचारले.

"झाली धा-बारा मिनिटं."

"आन् सर कवा आले?"

मुनीबभाईंनी मान खाली घातली. "सर हितंच हुते. हात मातुर मागनं लावला."

वर्षाराणी सरांकडे वळली. आवाज न चढवता तिने विचारले, "मग सुरुवातीलाच का न्हाई हात लावला, सर?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. सासूमागे गाडीत चढली. सर मात्र धुळीतच बसून राहिले. मुनीबभाईंनी उठवायला हात दिला, तो त्यांना बराच वेळ धरवेना.