झाकलेला दिवा

अंगणातल्या निंबाखाली तेलाचा डाग पडला होता, चांगला ताटलीएवढा. जगदेव मोटारसायकलवरून उतरला आणि घरादाराआधी त्याची नजर तिथंच गेली. गाड्यांचा मिस्त्री, त्याला दुसरं काय दिसणार! बोट बुडवून त्याने वास घेतला. इंजिनाचं तेल. जळकं, पातळ झालेलं.

"इथं कोणाची गाडी उभी होती?"

"उत्कर्षची," त्याची बायको मनकर्णाबाई दारातूनच म्हणाली. "तुमी ठरवलेला जीपवाला गेला लग्नाचं वऱ्हाड घेऊन. साडेअकरा वाजले तरी पत्ता नाई. राखी रडकुंडीले आली. तेवढ्यात उत्कर्ष आला, म्हणे मी वाशिमलेच चाललो. देलं बसवून. एसीची गाडी हाय, देवच पावला."

जगदेवने मनगटाकडे पाहिलं. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पोरीची नीटची परीक्षा, केंद्र वाशिमला, दीड वाजता फाटक बंद. एक मिनिट उशीर झाला तरी आत घेत नाहीत. मागच्या साली थोड्या मार्कांनी हुकलं म्हणून राखीने वर्षभर दुसऱ्यांदा तीच पुस्तकं घासली होती. आणि आज नेमका हा शहाणा बाप पहाटेच कुणाचा तरी अडलेला ट्रॅक्टर उठवायला शेतात गेला होता. गिऱ्हाईक तुटू नये ना!

त्याने राखीला फोन लावला. घंटी घरातच वाजली.

"परीक्षेत फोन नेऊ देत नाईत," मनकर्णाबाई म्हणाली. "काहून? काय झालं?"

तो तेलाचे डबे काढायला आत वळला.

गल्लीतला उत्कर्ष तसा वाईट पोरगा नव्हे. फक्त त्याचा पाय जड. दिवाळीनंतर तो अकोल्याला जाऊन आला. तिथं कुणीतरी लॅपटॉप जोडून गाडीच्या कंप्युटरची मापं बदलून दिली. टर्बो जास्त हवा कोंबू लागला, डिझेल जास्त पडू लागलं, आणि गाडी अशी सुटायची की आपल्या कामरगावच्या स्टँडवरची पोरं शिट्ट्या मारायची. महिनाभरात मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

"अरे, टर्बोचा दांडा फिरते तो तेलाच्या जोरावर," जगदेवने त्याला बजावलं होतं. "तू ताकद वाढवली, पण ते तेल, त्या नळ्या, ते सील जुनेच हाय ना? तापून तापून करपतीन. पहिल्यासारखं करून आण."

"काका, गाडी तर मस्त पळून राह्यली. तुमी फक्त तो दिवा घालवा. डोळ्यात खुपते."

दोनदा जगदेवने यंत्र जोडून दिवा बंद करून दिला. दोन्ही वेळा तो परत लागला. तिसऱ्यांदा मात्र कंटाळून त्याने मीटर उघडला आणि मागून काळी चिकटपट्टी लावून टाकली. पट्टी जरा मोठी कापली गेली. शेजारचा तेलाचा लाल दिवाही तिच्याखाली गेला. हे त्याने तेव्हाच पाहिलं होतं. काढून नीट लावायला दहा मिनिटं लागली असती, आणि बाहेर तीन गाड्या उभ्या होत्या. एवढंच कारण.

तेलाचे दोन डबे पिशवीत कोंबून तो निघाला. वर मे महिन्याचं ऊन, खाली डांबर मऊ झालेलं. उत्कर्षला फोन लावला, उचलला नाही. गावाबाहेर पुन्हा लावला. नाही. चौथ्यांदा, बारा पंचवीसला, त्याने उचलला.

"बोला काका! मंगरूळपीर मागं टाकलं. राखीले एक वाजता फाटकावर उतरवतो, टेन्शन नका घेऊ." आवाज घुमत होता. फोन गाडीच्या स्पीकरवर होता.

"उत्कर्ष, गाडी बाजूले घे. आत्ताच. इंजिन बंद कर."

"काहून?"

"तेल गळून राह्यलं. अंगणात डाग हाय."

"अरे काका, थेंबभर सांडलं असंन. तेल कमी झालं तर लाल दिवा लागते ना? लागला नाई. सगळं ओके. थांबलो तर पोरगी लेट होईन."

"हो बाबा," मागून राखीचा आवाज आला. "थांबवू नका आता. प्लीज."

जगदेवने मोटारसायकल उभी केली. उत्कर्षला काय, एरवी काहीही थाप मारता आली असती. पण आज पोरगी ऐकत होती. गावात कुणी बापाचं नाव काढलं की जिची मान ताठ व्हायची ती. आणि आत्ता इंजिन जाम झालं तर शंभरच्या वेगात गाडी कुठे जाईल, हे त्याच्यासारखं कुणाला कळणार होतं?

"दिवा लागणार नाई," तो म्हणाला. "लाल दिवाबी मीच झाकला. पट्टी मोठी कापली गेली. मले माहीत होतं. पोरी, तो दिवा खोटा हाय."

पलीकडे खरखर, टायर खडीवर गेल्याचा आवाज, आणि इंजिन बंद. बॉनेट उघडल्याचं ऐकू आलं.

"काका," उत्कर्षचा आवाज बसला होता. "तेल मोजायची काडी कोरडी हाय. धूर निघून राह्यला."

जगदेव आसेगाव फाट्याजवळ पोहोचला तेव्हा दीड वाजून गेला होता. उत्कर्ष बाभळीखाली एकटाच बसला होता. राखी एका भाजीच्या पिकअपमध्ये गेली होती, एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना. पुढचं उत्कर्षला माहीत नव्हतं. जगदेव थांबलाच नाही.

केंद्राचं फाटक बंद होतं. बाहेर आईबापांची गर्दी, आणि भिंतीशी एक मुलगी रडत बसलेली. तो धावत जवळ गेला. ती राखी नव्हती. मग राखी कुठं? पहारेकरी काही सांगेना. जगदेव उन्हात उभा राहिला, सावली असूनही. सव्वातीन तासांत त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी पोरं बाहेर आली. अगदी शेवटी राखी आली, ओढणीवर टोमॅटोचा डाग घेऊन. जगदेवला हुंदका आवरला नाही.

"फाटक लावतच होते," ती म्हणाली. "दोन मिनिटं होती."

"पेपर कसा गेला, बाई?"

ती त्याच्याकडे पाहत होती, आणि ती नजर जगदेवने याआधी पाहिली नव्हती.

"बाबा, तशी पट्टी आणखीन किती गाड्यांले लावली?"

जगदेवने खाली पाहिलं.

"तीन."

राखीने त्याच्या खिशातला फोन काढून त्याच्या हातात दिला. ती तिथंच उभी राहिली, हलली नाही. त्याने पहिला नंबर शोधला. पलीकडून कुणीतरी हसत हॅलो म्हटलं, मागे गाण्यांचा आणि लहान लेकरांचा आवाज होता.

"मी जगदेव मिस्त्री बोलून राह्यलो," तो म्हणाला. "गाडी चालू असंन तर थांबवा."