चिपाडाचा चमचा

बातमी आली तेव्हा मी ओट्यावरच्या जाळीत, एका वाटीला टेकून वाळत होतो. दिवस साधाच होता. कुकरची शिट्टी व्हायची होती. आयटी पार्कमधल्या नोकरीवर निघालेली नेत्रा डबा भरत होती आणि तिची आई लीना सेक्टर २२च्या बाजारात पत्रावळी बघायला गेली होती. फोन वाजला. नेत्रा “हाँ जी” म्हणाली, थोड्या वेळाने पुन्हा “हाँ जी” म्हणाली, आणि तिने गॅस बंद केला. लीना बाजारातच कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी चमचा आहे. प्लास्टिकचा नाही, हे आधीच सांगतो. तसा गैरसमज मला खपत नाही. यमुनानगरकडच्या उसाचा रस लोकांनी पिऊन टाकला, उरलेल्या चिपाडाचा लगदा झाला, तो साच्यात दाबला आणि मी जन्मलो. प्लास्टिकचा चमचा चार घास भरवतो आणि मग पिढ्यान्‌पिढ्या नाल्यात लोळत पडतो. माणसं त्याला टिकाऊ म्हणतात. मला कुजता येतं. माझी विद्या ती एवढीच, पण ती त्याला जन्मात जमायची नाही.

लीनाला या विद्येची किंमत होती. उत्तरेतल्या या शहरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाला प्लास्टिक नको, असा तिने हट्ट धरला. मंडळाचे सचिव हेरंब हसून म्हणाले, वहिनी, खिरीबरोबर चमचाही पोटात जाईल. मग तिने चमच्यांचं खोकंच विकत आणलं, त्यातून मला उचललं आणि उकळत्या वरणात बुडवलं. माझं टोक जरा मऊ पडलं, पण मी मोडलो नाही. अंगावर हळदीचा पिवळा डाग मात्र कायमचा बसला.

तिचा नवरा विश्वास सेक्टर ३०मधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवतो. त्याने विचारलं, “तापमान किती होतं?”

“वरणाचं होतं तेवढं,” ती म्हणाली.

परसात कढीपत्त्यापलीकडे तिने स्वतः खड्डा खणला. महाप्रसादाचं सगळं उष्टं-खरकटं, पत्रावळी आणि चमचे तिथेच जायचे होते. पण आधी मी. “हा दिवाळीपर्यंत मातीत मिसळला, की हेरंबभावजींचं तोंड बंद,” असं ती म्हणाली. आणि मग हाताच्या सवयीने मला घासून वाळत ठेवलं. पुरायची वस्तूही घासून ठेवणाऱ्या बायका आहेत या. बाजारातून आल्यावर ती मला मातीत घालणार होती.

गणपती बसले. ‘लीनावहिनींची आठवण’ म्हणून मंडळाने तिचे चमचे मागून नेले. मी घरीच राहिलो, पण पुढची हकिकत नेत्राने बापाला ऐकवली ती मीही ऐकली. हेरंब वहिनींच्या तळमळीवर बोलले. लोकांनी डोळे पुसले, माझ्या भावंडांसोबत फोटो काढले, प्लास्टिकच्या डब्यातून श्रीखंड वाढून घेतलं, प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी प्यायलं. शेवटी माझी सगळी भावंडं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून, गाठ मारून, कचऱ्याच्या गाडीत गेली. खड्ड्याचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शोक करताना माणसं अगदी नीटनेटकी असतात. साफसफाई लगेच उरकतात.

विश्वास त्या दिवशी गेलाच नव्हता. तो घरी मला न्याहाळत बसला होता. त्याने मला पारदर्शक, झिपवाल्या पिशवीत घातलं, ओल शोषणारी बारकी पुडी सोबत ठेवली, हवा दाबून काढली आणि शोकेसमध्ये तिच्या फोटोजवळ उभं केलं. एवढा शिकलेला माणूस. कुजण्यासाठी जन्मलेल्याला त्याने प्लास्टिकमध्ये कोंडलं, आणि वर बुरशी लागू नये म्हणून दर रविवारी तो ती पुडी बदलतो. सहन करायला मला एवढंच बाकी होतं.

दिवाळी आली आणि गेली. नेत्राने शोकेस उघडली. इथेच वाढलेली ती, बापाशीही हिंदीतच बोलते.

“बाबा, आईने गड्ढा किस लिए खोदा था?”

“माहीत आहे मला.”

“तो फिर?”

“त्याच्यावर तिच्या हाताची हळद आहे, नेत्रा.”

“घर की सारी हळद उन्हीं के हाथ की है, बाबा. डब्बा भी पैक कर दूँ?”

तो हसला. तीही हसली, आणि मग दोघं तिथेच खाली बसली. त्या बसण्यावर बोलायला माझ्याकडे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन परसात गेला. हातात खुरपं होतं. खड्ड्यात वाळकी पानं साचली होती, कडेची माती ढासळून आत आली होती. त्याने पिशवीची झिप उघडली. कित्येक आठवड्यांनी मला मातीचा वास आला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस शहाणा निघाला. त्याने मला बाहेर काढलं, डागावरून अंगठा फिरवला, आणि खड्ड्याकाठी उभा राहिला. स्वयंपाकघरातून नेत्रा बघत होती.

मग त्याने मला परत पिशवीत घातलं आणि झिप लावली.

आता मी पुन्हा शोकेसमध्ये आहे. पुडी ताजी आहे, डाग तसाच पिवळा आहे. लीनाने सांगितलेलं एवढंसं काम होतं. मला अजून कुणी पुरलेलं नाही.