जावयानं धुतलेला वाफा

तेलानं बरबटलेली माती धुऊन स्वच्छ करायची, हे जावयाचं कारखान्यातलं काम. सासूबाईंच्या ते कधी पचनीच पडलं नाही. कुणी विचारलं, की "कुठल्याशा कंपनीत आहेत" म्हणून त्या विषय बदलत. या बाईनं एकदा तरी आपल्या कामाचं नाव चारचौघांत अभिमानानं घ्यावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

म्हणूनच सासूबाई बहिणीकडे गेल्या असताना त्यानं आपणहून त्यांच्या स्कूटरचं तेल बदलायला घेतलं, आणि काळ्या तेलाचा डबा त्यांच्या गुलाबाच्या वाफ्यात लवंडला.

"आई संध्याकाळी येतेय," बायको म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घाबरतेस काय? हा तर माझ्या हातचा मळ!"

त्यानं बाह्या सरसावल्या. गुलाब मुळांसकट काढून बादलीत ठेवले. शेजाऱ्यांकडून सिमेंट कालवायचं यंत्र मागून आणलं आणि त्यात माती, गरम पाणी आणि घरात होती नव्हती तेवढी साबणाची पावडर ओतली. यंत्र गरगरू लागलं. वर आलेलं तेल तो ओगराळ्यानं काढू लागला.

"अहो, ते स्वयंपाकाचं आहे!"

"आता नाही."

मग त्यानं सगळं बारीक चाळणीतून गाळलं, पुन्हा धुतलं. खाली गेलेला गाळ तेवढा पिंपात टाकला. तेल त्यालाच चिकटून बसतं, म्हणून कारखान्यातही तो असाच वेगळा काढतात. चाळणीवर उरलेलं वाफ्यात परत भरलं. संध्याकाळपर्यंत वाफा लख्ख झाला.

सासूबाई आल्या, वाकल्या आणि त्यांनी मूठभर उचललं. ते बोटांतून भुरभुर गळून गेलं.

"जावईबापू, वाळू छान आहे. माझी माती कुठंय?"

त्यानं पिंपाकडे बोट दाखवलं. कारखान्यात धुतलेल्या मातीत कुणी गुलाब लावत नसे, त्यामुळे हा प्रश्न त्याला नोकरीत कधी पडलाच नव्हता.

सासूबाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी फक्त फावडं हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो मागच्या अंगणातली माती पाटीनं पुढे वाहत होता. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारीण कुंपणाशी थबकली.

"आमचे जावई," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "मातीतले तज्ज्ञ आहेत. मोठ्या कारखान्यात असतात."

टोमणा त्याला कळला. पाठही मोडायला आली होती. पण खोटं कशाला बोला, त्याला फार बरं वाटलं, आणि पुढची पाटी आणायला तो जवळजवळ पळतच गेला.