आठ दिवस बसायची अट

अट मीच घातली होती, त्यामुळे मोडायची सोय नव्हती.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि आम्ही नवरा-बायको जागेपणी अर्धा दिवसही कधी एका खोलीत बसलो नव्हतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे ना कुठे कोणीतरी अडकलेलंच असतं. मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे खांदे आणि मणके हलवते. सुट्टी मिळाली की डोंगर चढायचा, सायकली हाणायच्या आणि घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं. भांडण नाही, तंटा नाही. बोलणंही नाही. शेवटी एका रविवारी बुटांच्या लेस बांधता बांधता मी म्हणाले, "आठ दिवस कुठेतरी नुसतं बसून बघू. तेवढंही जमलं नाही, तर मग वेगळं राहून बघू." त्याने लेस ओढून घट्ट केली आणि म्हणाला, "चालेल." नक्की काय चालेल, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून जीव टांगणीला लागला होता.

ठिकाण नणंदेने सुचवलं. "समुद्र, वाळू आणि तुम्ही दोघं. बाकी काही म्हणजे काही नाही!" ती आणि तिचा नवरा दर वर्षी तिथे जातात. पण ते दोघं घरीसुद्धा एका सोफ्यावर बसून दोन वेगळी पुस्तकं वाचतात. असल्या लोकांचा सल्ला घेऊ नये, हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं.

खरोखरच काही नव्हतं. बोटी नाहीत, भाड्याच्या सायकली नाहीत, चढायला साधी टेकडी नाही. वाळूत लाकडी खुर्च्यांची रांग आणि त्यांवर आमच्या आईवडिलांच्या वयाची माणसं. गेस्टहाऊस चालवणाऱ्या काकूंनी आमच्या पाठीवरच्या सॅक बघितल्या, पळायचे बूट बघितले आणि विचारलं, "इथंच यायचं होतं ना तुम्हाला?"

काकूंचे यजमान व्हरांड्यात बसलेले असत. पूर्वी जहाजावर इंजिनिअर होते. आता त्यांना फारसं काही आठवत नव्हतं. कधी कधी काकूही ओळखू येत नसत.

पहिल्या दिवशी आम्ही बसलो. दुपारपर्यंत समुद्र बघून झाला. मनातलं बोलायला म्हणून आलो होतो आणि मी त्याला विचारलं काय, तर लिफ्टचा दोर किती वर्षं टिकतो! त्याने सविस्तर सांगितलं. मग दोघंही पुन्हा पाण्याकडे बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात शिवशिवायला लागले. आधी आमच्या खोलीतला गळका नळ, मग पॅसेजमधला पंखा, मग मागचा पंप. मी त्याच्यावर चिडायची, "अरे, बूड टेक की जरा!" आणि वळून शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना एका पायावर उभं राहायला शिकवायची. त्यांच्या बायकोने शेवटी हात जोडले. "अगं बाई, आम्ही इथं हलायला येत नाही गं!" हसले मी, पण आतून घाबरले होते. दिवस सरत होते आणि आम्ही बसल्याचा हिशेब काही लागत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर सगळं गेस्टहाऊस झोपलं होतं. हा तेलाचा डबा घेऊन खोलीत आला. चेहरा खुललेला. सगळ्या दारांना, खिडक्यांना आणि मागच्या, समुद्राकडे उघडणाऱ्या फाटकाला त्याने तेल घातलं होतं. ते फाटक इतकं करकरायचं, की पडल्या पडल्या दात शिरशिरायचे.

"ऐक," तो म्हणाला.

"काय ऐकू?"

"तेच तर! काहीच ऐकू येत नाही."

तेवढ्यात खालून काकूंची हाक आली. "अहो, कुठं आहात?" मग दुसऱ्यांदा, वरच्या आवाजात. आम्ही खाली धावलो. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. काकू फाटकाशी उभ्या होत्या आणि ते पुढे-मागे ढकलत होत्या.

"याला तेल कोणी घातलं?"

माझा नवरा पुढे झाला. "मी," तो म्हणाला.

"अहो, मी स्वयंपाकघरात असते, अंगणाकडे पाठ करून. हे वाजलं की मला कळतं ते निघाले ते."

तो डावीकडे पळाला, मी उजवीकडे. त्याने मला सांगितलं नाही, मी त्याला विचारलं नाही. आल्यापासून पहिल्यांदाच काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं, आणि पळता पळता मला या गोष्टीची लाज वाटली.

काका खडकांच्या पलीकडे सापडले. पाण्याच्या कडेला, लाट मांडीवर येत होती तिथे मांडी घालून बसले होते. मी जोरात हाक मारली, तसा नवरा धापा टाकत आला. माणसाला उठवणं हा माझा धंदाच. मी त्यांच्या काखेत हात घातला. त्यांनी तो शांतपणे बाजूला केला.

"बसा," ते म्हणाले.

बसलो. करणार काय? एका बाजूला मी, एका बाजूला तो.

काकू आल्या. मला वाटलं, आता आमचा उद्धार होणार. त्या काकांच्या मागे ओल्या वाळूत बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ओहोटी आहे. बसू दे. ओढलं की घाबरतात, मग रात्रभर कापतात." जरा वेळाने म्हणाल्या, "जहाजावरून घरी आले तरी एका जागी कधी थांबले नाहीत. सुट्टीभर कुठलं ना कुठलं यंत्र उघडून बसायचे. मला वाटायचं, दोन शब्द माझ्याशी बोलावेत. आता बसलेत, तर मी कोण ते आठवत नाही."

नवऱ्याने तेलकट हात वाळूत पुसले.

काका आपणहून उठले, तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला. जाता जाता वळल्या. "उद्या निघा तुम्ही. रागावले नाही मी. पण माझ्या घरात जे मोडकं आहे, ते मला तसंच लागतं."

ते दोघं सावकाश घराकडे गेले. आम्ही तिथेच होतो.

"आपल्याला नाही जमणार हे," माझा नवरा म्हणाला.

इतके दिवस नको असलेलं वाक्य आलंच शेवटी. "काय नाही जमणार?"

"बसणं."

"आणि मी?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "म्हणजे तुला वाटलं, मी तुझ्याबद्दल म्हणतोय?"

"'चालेल' कोण म्हणालं होतं?"

"आठ दिवसांना म्हणालो होतो! दुसरं वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भीती वाटली गं मला. आणि इथे गप्प बसलो की तेच आठवतं. म्हणून नळ, म्हणून पंखा."

मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. त्याला काय करावं सुचेना. तो उठायला लागला. पाणी आणतो, रुमाल आणतो, काहीतरी आणतो. मी त्याचा शर्ट धरला. म्हटलं, "काही आणू नकोस. थांब."

तो थांबला. त्याचा गुडघा सारखा हलत होता, पण तो उठला नाही.