दुखतंय का, ते खरं सांगा

काशीराम परबांचं बोट मिलच्या मागात गेलं, तेव्हा फडकं गुंडाळून त्यांनी पाळी पुरी केली आणि मगच घर गाठलं. नवऱ्याची ही गोष्ट द्रौपदीबाईंनी घाटकोपरच्या चाळीत इतक्यांदा सांगितली होती, की ती सुरू झाली की शेजारणींना गॅसवरचं दूध आठवायचं. संपात मिल गेली, मागोमाग नवरा गेला. उरली ती एवढी गोष्ट, आणि एकुलता एक दत्ताराम.

दत्ताराम साकीनाक्याच्या एका गाळ्यात कामाला होता. न्हाणीघराच्या खिडक्यांना लावतात तशा काचा तिथे ॲसिडात बुडवून दुधी करत. सत्त्याऐंशीच्या मार्चात एका सकाळी ते ॲसिड त्याच्या हातमोज्यात शिरलं आणि कोपरापर्यंत हात भिजला. लागलं पाण्यासारखं. त्याने नळाखाली हात धरला आणि पुन्हा कामाला लागला. दुपारी मात्र तो फरशीवर लोळत होता, आणि हातावर बघावं तर नुसती लाली.

इस्पितळात डॉक्टर मृणालिनी पोरसवदा होती, पण तिला या ॲसिडाची माहिती होती. तिने मायलेकांना नीट समजावलं.

"हे आत मुरतं आणि अंगातलं कॅल्शियम खातं. नसांना बारीक दारं असतात असं समजा, आणि कॅल्शियम म्हणजे त्यांची कडी. कडी निघाली की दारं सताड उघडी, म्हणून एवढं दुखतं. मी सुईने कॅल्शियम परत घालतेय. किती पुरलं ते दुखण्यावरूनच कळतं, म्हणून हात बधिरही करत नाहीये. दुखतंय का, ते खरं सांगा. लाजायचं नाही."

सुया सुरू झाल्या. सव्वीस वर्षांचा बाप्या "आये, मेलंय गो!" म्हणून हंबरडा फोडू लागला. सगळा वॉर्ड माना वळवून बघायला लागला. द्रौपदीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरणीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण हल्लीच्या पोरी लाडच फार करतात, असं त्यांचं मत. त्या खाटेवर वाकल्या.

"कित्याक रडतस? तुझ्या बापाशीचा बोट तुटला, तरी तोंडातसून हूं काढल्यान नाय."

दत्तारामने आईकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

अर्ध्या तासाने मृणालिनीने विचारलं, "आता दुखतंय?"

"नाय."

"नक्की?"

"नाय दुखणा."

तिचा चेहरा मोकळा झाला. तिने सुया थांबवल्या, रक्त तपासायला पाठवलं आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

दत्तारामच्या चांगल्या हाताने खाटेचा गज धरला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. द्रौपदीबाईंना ते दिसलं. आईला आणखी काय सांगावं लागतं? आणि खोटं कशाला बोलायचं, त्यांची छाती अभिमानाने भरून आली. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला त्या म्हणाल्यासुद्धा, "माझो झील बघा. बापाशीच्या वळणार गेलो."

पाचच्या सुमाराला दत्तारामच्या अंगाला दोन झटके आले आणि हृदय बंद पडलं. मृणालिनीने छाती दाबली, शिरेतून कॅल्शियम दिलं, पुन्हा छाती दाबली. वीस मिनिटांनी ती थांबली.

"हृदयालाही कॅल्शियम लागतं," ती कसंबसं म्हणाली. "पण दुखायचं थांबलं होतं ना? तोच म्हणाला ना मला?"



तिसऱ्या दिवशी खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. धाकटे दीर धोंडू डोळे पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटपर्यंत हूं केल्यान नाय पोरान. वाघ होतो."

"खोटा बोललो तो," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"वयनी, असा काय बोलतास?"

"माझ्यासाठी बोललो. त्येका दुखत होता, भावजी. माका दिसत होता, आणि मी गप रवलंय."